नकाशात नसलेल्या गल्ल्या

मित्रांनो, माझ्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक तडा आहे आणि माझी बॅटरी आता तासभर टिकली तरी खूप झालं. मी तिसरीच्या वर्गातला जुना टॅब. माझ्याहून पातळ, माझ्याहून चपळ टॅब आता दुकानात मिळतात. तरीही या शाळेत कुणी पाहुणा आला, की मुलं आधी मला पुढे करतात. असं का, ते सांगतो. जरा ऐसपैस बसा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे झगे आणि टोप्या घातलेली माणसं लांबलचक टेबलांशी उभी असायची. कुणी माझ्या पोटात बॅटरी बसवली, कुणी वर काच चिकटवली. शेवटच्या टेबलाशी एक मावशी होत्या. नव्या टॅबच्या पडद्यावर बोट फिरवून तो नीट चालतो का ते बघायचं, एवढंच त्यांचं काम. दिवसाला सहाशे टॅब त्यांच्या बोटाखालून जात. माझ्या पडद्यावर त्यांनी एक फूल काढलं, स्वतःशीच हसल्या आणि पुसून टाकलं. मग माझ्या पाठीवर 'पास' अशी हिरवी चिठ्ठी चिकटवली. काहीही न शिकता पास झालेला मी पहिलाच असेन!

आम्ही वीस भावंडं एका खोक्यातून या शाळेत आलो. त्या दिवशी आमचा थाट काय वर्णावा! टेबलावर इस्त्रीची चादर, तिच्यावर आम्ही रांगेत आणि पुढे लाल फीत. पाहुण्यांनी फीत कापली. "आता आपली शाळा जगाच्या बरोबरीने धावणार," असं हेडसर भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्यानंतर आम्हांला परत खोक्यात घातलं, खोकं लोखंडी कपाटात गेलं आणि कपाटाला कुलूप लागलं.

हेडसर वाईट माणूस नव्हते. त्यांना नुसती भीती वाटायची. मुलांच्या हातून फुटलं तर? वरच्या साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं? त्या भीतीपोटी त्यांनी आम्हांला दोन वर्षं जपलं. पण मित्रांनो, जपणं वेगळं आणि कोंडणं वेगळं. बॅटरी वापरली नाही तर मरते. कपाटात माझी भावंडं एकेक करून गेली. कुणाचं पोट फुगलं, कुणी न कुरकुरता डोळे मिटले. दर सहा महिन्यांनी शिपाईमामा कपाट उघडून मोजायचे आणि "वीस, बरोबर," म्हणून पुन्हा कुलूप घालायचे. वीसमधले जिवंत किती, हे कोणत्याच वहीत विचारलेलं नव्हतं.

आता शाळेच्या मागची वस्ती तुम्हांला सांगायला हवी. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या भिंतीला लागून बारा गल्ल्या आहेत. तिथे साडेतीनशे घरं आहेत, तीन शिंपी आहेत, एक सलून आहे, एक सायकलवाला आहे. वर्गातल्या एकतीस मुलांपैकी सव्वीस मुलं तिथलीच. मोबाईलमधल्या नकाशात मात्र त्या जागी एक करडा चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'मोकळी जागा'.

तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणायचे. मोजल्याशिवाय तिला चैनच पडत नसे. बाक किती विती, वर्गापासून नळ किती पावलं, बाईंची वेणी किती बोटं, सगळं तिला तोंडपाठ. हे वेड तिला आजोबांकडून आलं होतं. ते घरोघरी जाऊन शिलाई मशिनं दुरुस्त करत.

एका सकाळी घरी काम करता करता आजोबांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर गळून पडला. त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते खुर्चीतून कलंडले. मोजपट्टीच्या आईने अँब्युलन्सला फोन केला. चालकाने नकाशात गल्ली शोधली, पण गल्ली असेल तर दिसेल ना! गाडी आधी कालव्याच्या पलीकडे गेली. तिथून वळून गिरणीच्या बंद फाटकाशी थांबली. घरात भोंगा ऐकू येत होता, पण दारात गाडी काही येईना. शेवटी वस्तीतले सायकलवाले काका धावत गेले आणि तिला वाट दाखवत घेऊन आले. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. आजोबा वाचले. पण त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि शब्द ओठांशी अडायला लागले.

आठ दिवसांनी मोजपट्टी शाळेत आली. बाई फळ्यावर नकाशा काढत होत्या. ती उभी राहिली.

"बाई, आमची गल्ली नकाशात का नाही?"

बाईंनी खडू खाली ठेवला. तीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी त्यांना हजार प्रश्न विचारले असतील, पण हा कुणीच विचारला नव्हता.

"नकाशा काढतं कोण, बाई? त्यांना आपण सांगू शकत नाही का?"

मधल्या सुट्टीत बाई थेट हेडसरांच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कपाटाची किल्ली मागितली.

"तुम्ही?" हेडसरांना हसूच आलं. "अहो, मोबाईलवर फोन लावायचा तरी तुम्ही दुसऱ्याला सांगता."

"म्हणून तर. मुलांबरोबर मीही शिकेन."

"आणि फुटलं म्हणजे?"

"जबाबदारी माझी. लिहून देते."

आणि बाईंनी खरोखरच लिहून दिलं, खाली सही करून.

कपाट उघडलं. शिपाईमामांनी आम्हां एकेकाला चार्जरला लावून पाहिलं. एकोणीस वेळा त्यांनी मान हलवली. विसावा मी होतो. बराच वेळ माझा पडदा काळाच राहिला, आणि मग अचानक त्यावर उजेड आला. "आहे हो बाई, यात जीव आहे!" शिपाईमामा इतक्या जोरात ओरडले, की चौथीचा वर्ग बाहेर आला.

बाईंचा भाचा परगावी संगणकाचं काम करायचा. त्याने फोनवर मावशीला दोनच गोष्टी सांगितल्या. "मावशी, दाबल्याने काही फुटत नाही. आणि चुकलंच तर मागे जायचा बाण दाबायचा." बाईंनी ही दोन्ही वाक्यं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली आणि त्यांभोवती चौकट आखली.

पहिल्या दिवशी त्यांनी फोटो काढायला मला उचललं आणि नेमका उलट्या बाजूचा कॅमेरा लागला. माझ्या पडद्यावर बाईंची हनुवटी आणि दोन नाकपुड्या! मग "अगं बाई, ही कोण?" असं म्हणून बाईच खो खो हसत सुटल्या आणि मग सगळा वर्ग हसला. शिकवणाऱ्याला चुकताना पाहिलं, की शिकणाऱ्याची अर्धी भीती तिथेच पळते. त्यानंतर माझ्यापाशी यायला एकही मूल बिचकलं नाही.

मुलं एकतीस आणि टॅब एक. कसं जमवायचं? बाईंनी पाच गट केले. आधी कागदावर काम करायचं आणि मगच माझ्यापाशी यायचं. गटाला आठ मिनिटं. एकाने मला धरायचं, एकाने वाचायचं, एकाने बोट चालवायचं, बाकीच्यांनी कागदाशी ताडून पाहायचं. पुढच्या खेपेला कामांची अदलाबदल. आठवड्याला नवी गोष्ट एकच. पहिल्या आठवड्यात फोटो काढायला शिकायचं, दुसऱ्यात आवाज टिपायला, तिसऱ्यात सगळ्यांनी मिळून एकाच ऑनलाइन पानावर गल्ल्यांची माहिती लिहायला. आणि एक नियम कधीच मोडायचा नाही. पानावर गल्लीचं नाव येईल, दुकान येईल, पण माणसांची नावं आणि चेहरे येणार नाहीत. "आपल्या घरातली माणसं आपल्यापाशीच," बाई म्हणायच्या.

वर्गात एक मुलगा होता, त्याला 'रेडिओ' म्हणत. तो सकाळी सुरू झाला की शाळा सुटेपर्यंत बंद व्हायचा नाही. वाचायला लावलं की मात्र घसा कोरडा. बाईंनी त्याला माझ्यात आवाज टिपून स्वतःचं वाचन ऐकायला लावलं. पहिल्यांदा त्याने कानांवर हात ठेवले. मग स्वतःच म्हणाला, "बाई, पुन्हा वाचू? इथे मी धापा टाकल्यासारखा वाटतोय." महिन्याभरात तो न अडखळता पान वाचू लागला, आणि गल्ल्यांची माहिती आणायला सगळ्यांच्या पुढे तोच.

गल्ल्यांना पाट्या नव्हत्या. नावं होती ती लोकांच्या तोंडी आणि त्यांतही भांडण. एक शिंपी म्हणे 'वाकडी गल्ली', समोरचा म्हणे "छे, ही 'दोन नळांची'!" मुलांनी दोघांचंही टिपून घेतलं. शेवटी मोजपट्टी म्हणाली, "माझ्या आजोबांना विचारू या. ते घरोघरी गेलेत."

सहा मुलं, बाई आणि मी आजोबांच्या खाटेपाशी गेलो. आजोबांना सगळं ठाऊक होतं, पण शब्द बाहेर येईना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डाव्या हाताने 'नको' अशी खूण केली.

"आजोबा, सावकाश," मोजपट्टी म्हणाली. "याला घाई नाहीये."

मला खरोखरच घाई नव्हती. मी ऐकत राहिलो. रेडिओसुद्धा तोंड मिटून बसला होता, यावरून काय ते समजा. आठ मिनिटांचा नियम बाईंनी त्या दिवशी गुंडाळून ठेवला. पन्नास मिनिटांत आजोबांनी बारा नावं सांगितली. वाकडी आणि दोन नळांची या दोन वेगळ्या गल्ल्या होत्या, भांडण उगाचच चाललं होतं! बारावं नाव आलं तेव्हा आजोबा घामाघूम झाले होते, पण हसत होते. "उ... उद्या पण या," ते म्हणाले. मुलं पुढे रोज गेली आणि आजोबा रोज एकेक जास्त वाक्य बोलू लागले.

सगळी माहिती पानावर भरून झाली आणि एके दिवशी पान उघडलं तर कोरंकरकरीत! रेडिओचं बोट कुठेतरी पडलं होतं आणि तीन आठवड्यांचं काम एका क्षणात पुसलं गेलं होतं. रेडिओ भिंतीकडे तोंड करून रडू लागला. बाईंनी लगेच भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, पानाचा इतिहास असतो. कालची प्रत उघड." बाईंनी उघडली आणि बाराच्या बारा गल्ल्या परत आल्या. त्या दिवशी वर्गाने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. फीत कापतानाच्या टाळ्यांपेक्षा या टाळ्या मला फार गोड लागल्या.

माहिती नकाशावाल्यांकडे पाठवली. तो नकाशा असा होता, की त्यात कुणालाही भर घालता येई, पण आधी त्यांची माणसं तपासून घेत. चार दिवसांनी उत्तर आलं, 'रस्त्याचा पुरावा नाही. नोंद नाकारली.'

हेडसरांनी ते वाचलं. "मी म्हटलंच होतं," असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांचा चेहरा तेच म्हणत होता. बाई खुर्चीत बसल्या. मोजपट्टी मात्र जागची हलली नाही. "म्हणजे काय द्यायचं राहिलं, ते विचारू या ना," ती म्हणाली.

बाईंनी विचारलं. तपासणाऱ्या एक ताई होत्या, दूरच्या शहरातल्या. त्या व्हिडिओ कॉलवर यायला तयार झाल्या. ठरलेल्या वेळी मला खिडकीत पुस्तकांच्या चळतीवर उभं केलं. मुलांनी प्रश्न आधीच कागदावर लिहिले होते आणि एकेकानेच विचारायचं ठरलं होतं. ताई म्हणाल्या, "मला उपग्रहाच्या फोटोत वरून नुसती छपरं दिसतात रे. छपरांखालून वाट जाते हे मला कसं कळणार? तुम्ही गल्लीतून चाला. टॅबमधली जागा दाखवणारी सोय चालू ठेवा. तुम्ही चालाल तशी त्याच्यात रेघ उमटेल. ती रेघ हाच पुरावा."

"किती पावलं चालायचं?" मोजपट्टीने विचारलं.

"सगळी," ताई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे बाई, मागे शिपाईमामा, मधे एकतीस मुलं आणि त्यांच्या हातांत मी. दर गल्लीला मला धरणारे हात बदलत होते. मोजपट्टी पावलं मोजत होती. बायका दारात आल्या, सायकलवाले काका हातातलं चाक सोडून पुढे झाले. पहिल्या गल्लीत निळी रेघ उमटली. मग दुसरीत, तिसरीत. माझी बॅटरी मात्र भराभर उतरत होती. आठव्या गल्लीत ती वीस टक्क्यांवर आली.

नवव्या, वाकड्या गल्लीत रेडिओचा पाय दगडाला अडखळला आणि मी फरशीवर आपटलो. खणकन आवाज झाला. रेडिओचा चेहरा पांढराफटक पडला. सही करून दिलेला कागद बाईंना आठवला असेल की नाही, कोण जाणे. त्या धावत आल्या आणि आधी त्याचा गुडघा पाहिला. "लागलं का रे तुला?" त्यांनी विचारलं. त्यानंतर त्यांनी मला उचललं. तडा गेला होता. पण तड्याखाली निळी रेघ होती तशीच चालू होती.

"चालतोय!" मोजपट्टी ओरडली. "बाई, तो चालतोय!"

दहावी गल्ली, अकरावी गल्ली. बॅटरी सहा टक्के. बाईंनी माझ्या पडद्याचा उजेड अगदी कमी केला. नुसते पावलांचे आवाज येत होते. बारावी गल्ली आजोबांची होती. मोजपट्टीच्या आईच्या आधाराने ते दारात उभे होते. मोजपट्टीने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. मी सगळा जीव एकवटला. चार टक्के, तीन टक्के. शेवटच्या घराच्या भिंतीला तिने हात लावला आणि म्हणाली, "दोन हजार एकशे अठरा!" बाईंनी 'जतन करा' दाबलं. रेघ पक्की झाली, मग मी डोळे मिटले. नंतर असं कळलं, की त्या गल्लीत असा काही जल्लोष झाला, की गिरणीच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली.

रेघा ताईंकडे पाठवल्यावर नऊ दिवसांनी परिपाठाच्या वेळी बाईंनी माझ्यात नकाशा उघडला. करडा चौकोन गेला होता. त्याच्या जागी बारा रेघा होत्या आणि प्रत्येकीवर नाव होतं. वाकडी गल्ली, दोन नळांची गल्ली, शिंप्यांची गल्ली... मुलांनी ती नावं मोठमोठ्याने वाचली, पाढे म्हणावेत तशी. ज्याची त्याची गल्ली आली, की तो तो टुणकन उडी मारत होता.

पण खरा निकाल लागला तो पुढच्या महिन्यात. एका दुपारी सायकलवाल्या काकांच्या सुनेला अचानक कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. काकांनी फोन केला, पत्ता सांगितला, 'वाकडी गल्ली', आणि सवयीने पुढे पळत सुटले, गाडीला वाट दाखवायला. ते कोपऱ्यावर पोचतात तोच गाडी त्यांच्या शेजारून आत शिरली. बरोबर अकरा मिनिटं लागली होती. "अहो, तुम्हांला रस्ता कसा सापडला?" काकांनी धापा टाकत विचारलं. चालक म्हणाला, "नकाशात आहे की!" तासाभराने दवाखान्यात मुलगी झाली. बाळ इवलंसं, पण रडणं खणखणीत. काकांनी शाळेत येऊन ती बातमी सांगितली तेव्हा बाई फळ्याकडे वळल्या आणि त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अकरा मिनिटं'.

दुसऱ्या दिवशी हेडसर तिसरीच्या वर्गात आले. त्यांच्या हातात बाईंनी लिहून दिलेला कागद होता. त्यांनी तो सगळ्यांसमोर फाडला. "चूक माझी होती," ते म्हणाले. मग मुलांकडे पाहून त्यांनी विचारलं, "मला कुठल्या गटात घेता?" तेव्हा पाचही गटांनी हात वर केले.

माझ्या एकोणीस भावंडांना त्यांनी दुरुस्तीला पाठवलं. नव्या बॅटऱ्या घातल्यावर सात जणांनी डोळे उघडले. कुणी चौथीत पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवतो, कुणी दुसरीत मुलांच्या तोंडून गोष्टी टिपून घेतो. बाई आता दुसऱ्या शिक्षकांना शिकवतात, आणि सुरुवात मुद्दामच उलट्या कॅमेऱ्याने करतात.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुठे माझं एखादं भावंड असेल. त्याला कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ओल्या हातांनी धरू नका. पोट भरलं की चार्जर काढा आणि काम झालं की थोडी विश्रांती द्या. पडलं, तडा गेला, तर लपवू नका, मोठ्यांना सांगा. पण कुलपात घालून त्याची पूजा करू नका. आणि त्याच्यापाशी येताना रिकाम्या हाताने येऊ नका. तुम्हांला खरोखर छळणारा एखादा प्रश्न घेऊन या. आम्ही फार हुशार नाही हो. आम्हांला वाट माहीत नसते. तुम्ही चालाल तेवढीच रेघ आमच्यात उमटते.